पाणी वळलं तेव्हा मी कुठे होते

पदक गळ्यात पडलं रविवारी, आणि सोमवारी सकाळी चहा पिता पिता मला वाटायला लागलं, की हे आपलं नव्हे. लग्नघरातून परत आल्यावर पायातली चप्पल जरा सैल लागावी आणि मग ध्यानात यावं, की घाईत दुसरीचीच घालून आलो, अगदी तसं.

आता मी मुळातलीच संशयी बाई, हे आधी सांगून टाकते. पापलेट घेताना कल्ला उचलून बघते, आणि विकणारी ओळखीची असली तर दोनदा बघते. नारळ कानाशी हलवल्याशिवाय माझ्या पिशवीत जात नाही. काशीदच्या अलीकडे आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, मागचं दार उघडलं की समुद्र. त्या वाडीत मी पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवते. माणूस गाडीतून उतरतो तेव्हाच मला कळतं, की हा ओले हात टॉवेलला पुसणार की चादरीला. एकट्या बाईला असं बघावंच लागतं.

नवरा गेला तेव्हा मी चाळिशीच्या आत होते. वाडीचा हा तुकडा त्याच्याच हिश्शाचा. पण गावात आजही म्हणतात, "दिरांनी दिला हो तिला, मन मोठं त्यांचं." दीर भले आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या 'दिला'बद्दल आहे. देवळाच्या कमिटीत मला नाव 'दिलं'. ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमात मला खुर्ची 'दिली'. बिचारी एकटी आहे, द्या तिला. म्हणून आयुष्यात ही एक गोष्ट मला कुणी दिलेली नको होती. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं माझं वेड तुम्हाला कळेल.

गोष्ट म्हणजे ट्रायथलॉन. आधी समुद्रात दोनेक किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगाने सायकलवर बसून नव्वद किलोमीटर जायचं, आणि उतरल्यावर एकवीस किलोमीटर धावायचं. मधे टेकायचं नाही, जेवायचं नाही, घरी जाऊन गॅस बंद आहे का बघून यायचं नाही. सकाळी सातला पाण्यात शिरायचं आणि दुपारी साडेतीनला शेवटची कमान बंद. त्यानंतर आलात तर आलात, पण तुम्ही पूर्ण केलं असं कुणी म्हणणार नाही. आणि याला ते लोक अर्धी म्हणतात बरं का. पूर्ण याच्या दुप्पट असते म्हणे. ते ऐकून मला पहिला संशय हाच आला, की या लोकांना घरी कामं नसावीत.

हे खूळ आणलं माझ्या एका पाहुणीने. ठाण्याची, बँकेत नोकरीला, तिशी उलटलेली. मांडव्याला बोटीतून सायकल उतरवायची आणि तिथून ती हाणत थेट माझ्या अंगणात यायची. मी तिला सायकलवाली म्हणते, ती मला काकू. एकदा कुणा पाहुण्यांचा चेंडू लाटांच्या पलीकडे गेला आणि मी पदर खोचून जाऊन घेऊन आले, ते तिने पाहिलं.

"काकू, हे कुठे शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? माहेर खाडीकाठी. पडले पाण्यात, आलं."

खरंच सांगते, पोहायला मला कुणी शिकवलं नाही, तसं चौथीनंतर लिहायलाही कुणी शिकवलं नाही. दोन्ही गटांगळ्या खातच आलं.

"मग माझ्याबरोबर स्पर्धेत उतरा," ती म्हणाली.

मला वाटलं, हिला काहीतरी विकायचंय. आधी वाटलं विमा, मग वाटलं कसली तरी पावडर. पावडर होतीच, पण ती तिने फुकट दिली, त्यामुळे संशय आणखी वाढला. पुड्यांतून एक चिकट पाक यायचा, तो धावताना चोखायचा. मी चाखून पाहिला. आमच्या काकवीत लिंबू पिळलं तर हेच होईल, आणि काकवीला निदान चव असते. मग एका कागदावर सही करायची होती, की स्पर्धेत मेलात तर आयोजक जबाबदार नाहीत. मी म्हटलं, "आणि जगले तर?" ती हसत सुटली. पण मी ते विनोदाने विचारलं नव्हतं.

तरीही उतरले. का उतरले ते नीट सांगता येणार नाही. सकाळी पाहुणे उठायच्या आत पाण्यात जायचं, आणि पाणी अंगावर घेतलं की मी कुणाची विधवा नाही, कुणाची वहिनी नाही, नुसते हात आणि पाय. ते मला आवडायला लागलं. सायकलवालीने तिची जुनी, बारीक टायरची सायकल माझ्याकडेच ठेवली. तिच्यावरून मी पहिल्या महिन्यात तीनदा पडले. त्यातली एक पडझड देवळासमोर, आरती सुटताना.

माझी मोठी जाऊ शेजारच्या घरात राहते. मी तिला बाय म्हणते. तिने कपाळाला हात लावला. "अगं, या वयात लोकं गुडघ्याला तेल लावतात. तू सायकलीला लावतेस."

वर्ष सव्वा वर्ष असंच गेलं. मग तो रविवार आला.

पोहणं मी सांगत बसत नाही. समुद्र माझा होता. इतरांच्या डोळ्यांवर चष्मे, डोक्यावर टोप्या, तोंडावर भीती. मला वाटेत एक जेलीफिश चाटून गेली, तेवढंच. सायकलने मात्र जीव काढला. काशीदच्या पुढचा चढ मी जन्मभर एसटीतून पाहिला होता, आणि एसटीतून तो चढ दिसत नाही हो. धावायला उतरले तर पाय माझे राहिलेच नव्हते. धावले असं म्हणणंही खोटं ठरेल. पाय उचलला की तो पुढेच पडतो, दुसरीकडे जाणार कुठे, एवढ्याच भरवशावर मी निघाले. वाटेत ओळखीच्या घरांतून बायका बाहेर यायच्या. एक म्हणाली, "अगो, रिक्षा बोलवू का?" मी बोलले नाही. बोलण्याइतका श्वास नव्हता, नाहीतर चांगलं ऐकवलं असतं.

शेवटचा तुकडा वाळूवरून होता. आणि तिथेच ते सगळं झालं, ज्याने पुढे माझी झोप उडाली.

एक तर कमान. ती हवा भरलेली कमान असते, लहान मुलांच्या जत्रेतल्या घसरगुंडीसारखी. मी पोचले तेव्हा ती खाली बसत चालली होती आणि दोन स्वयंसेवकांनी ती हातांनी वर उचलून धरली होती. तिच्यावरचं आकड्यांचं घड्याळ काळंठिक्कर. खुर्च्या एकात एक घालून रचून ठेवलेल्या. बरेच लोक केव्हाच पुलाव खायला बसले होते. आणि माइकवरचा माणूस ओरडत होता, "आपल्या गावच्या काकू! टाळ्या! जोरात!" नवरीला आणताना ओरडतात तसं. सायकलवाली पुढे आली, पायात चपला, डोळ्यांत पाणी, आणि तिने मला मिठीच मारली.

आणि एक गोष्ट. आमच्या किनाऱ्यावर एक खडक आहे. पूर्ण ओहोटी लागली की त्याच्यापर्यंत कोरड्या पायाने जाता येतं. गावातल्या बायका तेव्हा तिथे खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, काढायला जातात, आणि पाणी वळलं, म्हणजे ओहोटी संपून भरती सुरू झाली, की तडक परत फिरतात. एकही बाई त्यानंतर तिथे थांबत नाही. तर मी कमानीत शिरले तेव्हा त्या बायका पाट्या डोक्यावर घेऊन खडकावरून परत येत होत्या. मला बघून थांबल्या. एकजण किंचाळली, "आली गो आली, म्हातारी आली!"

तेव्हा मला यातलं काहीच खटकलं नाही. खटकायला डोकं जागेवर लागतं. कुणीतरी गळ्यात पदक घातलं, कुणीतरी हातात नारळपाणी दिलं, आणि मी वाळूत बसले ती दोघांनी धरून उठवल्यावरच उठले.

घरी आले तर बाय तयारच होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ठरवून टाकलं, की हे अंग बाळंतिणीचं आहे. तिचं म्हणणं असं, की एवढं अंग उललंय, हाडांत वारा शिरलाय, मग उपाय तोच. मला कढत पाण्याने न्हाऊ घातलं. त्याआधी खोबरेल तेलाने असं रगडलं, की सायकल परवडली. कानाला फडकं बांधलं. जुन्या लुगड्याची पट्टी कंबरेला करकचून आवळली. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा, आणि खोलीभर धूर. आणि डिंकाचे लाडू. ते तिने शनिवारीच करून ठेवले होते, म्हणजे मी जिवंत येणार यावर तिचा विश्वास होता तर. तोंडाने मात्र वर्षभर वेगळंच बोलत होती.

"बाय, मी साठीची आहे गं."

"मग? बाळंतपणाला वय असतं, शेकायला न्हाय. गप पड. उठायचं न्हाय."

धूर खिडकीतून बाहेर गेला आणि गल्लीभर चर्चा. समोरची डोकावलीच. "कोण बाळंत झालं गं?"

बाय आतून ओरडली, "ही झालीय!"

"काय झालं?"

"सायकल!"

हसून माझ्या बरगड्या दुखल्या. खरं म्हणजे त्या आधीच दुखत होत्या. संडासात बसताना दाराची कडी धरून बसायचे, उठताना देवाचं नाव. पायाच्या दोन बोटांची नखं काळी पडली होती. जिना उतरायचा तर उलटी उतरायचे, शिडी उतरतात तशी. हे सगळं अपेक्षित होतं, सायकलवालीने सांगून ठेवलं होतं. पण डोकं असं रिकामं होईल हे कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभर डोक्यात एकच काम होतं, ते संपलं. आणि रिकाम्या घरात जसा उंदीर शिरतो तसा त्यात संशय शिरला.

सोमवारी दुपारी सायकलवाली निघण्याआधी बायशी स्वयंपाकघरात बोलत होती. मी बाजेवर, डोळे मिटलेले. लोकांना वाटतं, डोळे मिटले की कानही मिटतात.

"काकूंना एवढ्यात सांगू नका," ती म्हणाली. "आत्ता खूश आहेत. नंतर मीच सांगेन."

"न्हाय सांगत," बाय म्हणाली. "पण तिला कळल्याबिगर राह्यचं न्हाय. ती नाकाने ऐकते."

बस. माझ्या मनात सगळं जागच्या जागी बसलं. बसत चाललेली कमान हातांनी उचलून का धरली? घड्याळ का बंद? खुर्च्या का रचल्या? मी यायच्या आधी साडेतीन वाजून गेले होते. खेळ आवरला होता. मग कुणीतरी म्हणालं असेल, ती गावातली म्हातारी येतेय हो अजून, बिचारी एकटी आहे, द्या तिला. आणि दिलं.

सायकलवाली निरोप घ्यायला खोलीत आली तेव्हा मी सरळ विचारलं, "मी वेळेत आले का गं?"

"म्हणजे काय काकू! आलात की! मोबाईलवर आहे, हे बघा." आणि तिने मोबाईल पुढे केला.

मी तो घेतला नाही. मोबाईलवर आमच्या चार खोल्यांना भरभरून चांदण्या आहेत. "स्वर्गसुख", "आईच्या हातचं जेवण", काय काय लिहिलंय. त्यातल्या अर्ध्या माझ्या पुतण्याने आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी चहा पीत पीत माझ्या ओट्यावर बसून दिल्यात. मोबाईलवर काय दिसतं आणि कसं दिसतं, हे मला शिकवू नका.

"घड्याळ का बंद होतं?"

"जनरेटरचं डिझेल संपलं हो. म्हणून तर कमान बसायला लागली."

डिझेल संपलं! आणि ते नेमकं मी यायच्या वेळेला. मी हं म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिने पिशवी खांद्याला लावली. मग माझ्या पायांवर चादर ओढून गेली. तिची चालही मला जरा जड वाटली, पण मी म्हटलं, मनात पाप आहे, म्हणून.

आता साक्ष कुणाची काढायची? बायची नाही, तिला गप्प राहायला सांगितलंय. माइकवाल्याची नाही, त्याचं काम टाळ्या वाजवून घेणं. मग मला पाणी आठवलं. पाणी कुणाची भीड धरत नाही.

आमच्याकडे पाण्याची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. त्यात सहा मिळवले की ओहोटी. लहानपणी खाडी ओलांडायची तर हेच गणित पहिलं शिकवायचे, पाढे नंतर. मी बाजेवर पडल्या पडल्या बोटांवर हिशोब केला. शुक्रवारी माझी एकादशी झाली. शनिवार बारस. रविवार तेरस. तेराला पाऊणने गुणलं, पावणेदहाला भरती. म्हणजे ओहोटी पावणेचारला पुरी होणार आणि पाणी वळणार. कालवंवाल्या बायका पाणी वळल्याशिवाय परत फिरत नाहीत. त्या परत येत होत्या तेव्हा मी कमानीत होते. म्हणजे पावणेचार. कमान साडेतीनची.

पुन्हा गुणलं. पुन्हा तेच.

रडू आलं असं नाही म्हणणार. पण लाडू तोंडात होता, तो गिळवेना. बाय म्हणाली, "काय गं, डिंक टाळ्याला चिकटला?" मी मान हलवली.

मंगळवार तसाच गेला. बाय शेकत होती, रगडत होती, मी तिच्या तोंडाकडे बघत होते, की हिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का. दोनदा आडून विचारलं. "बाय, रविवारी लोक काय म्हणत होते?" तर म्हणे, "म्हणत होते, हिच्या जावेने हिला काय खायला घातलंय." तिच्याकडून काही काढणं म्हणजे शिंपला नखाने उघडणं. मनात मी ठरवून टाकलं. पदक परत करायचं. सायकलवाली शनिवारी येईल तेव्हा तिच्या हातात ठेवायचं आणि सांगायचं, ज्यांनी दिलं त्यांना दे, मला दिलेलं नको. भांडण नाही, काही नाही. मी ते धुऊन, पुसून, जुन्या साडीच्या चौघडीत बांधूनही ठेवलं.

बुधवारी संध्याकाळी बाय देवळात गेली आणि मी बाजेवरून उठले. चार दिवस धुरात राहून मी सुक्या बोंबलासारखी झाले होते. म्हटलं, खडकापर्यंत जाऊन यावं, चार कालवं काढावीत. खाऱ्या पाण्याने पायही मोकळे होतील. माझ्या हिशोबाने पौर्णिमा मंगळवारी झाली, आज प्रतिपदा, म्हणजे पाणी वळायला अजून बराच वेळ होता. टोकदार लोखंड घेतलं, छोटी पाटी घेतली आणि वाडीच्या मागच्या दाराने, उंबऱ्याला धरून धरून, वाळूत उतरले.

सूर्य पाण्याला टेकायला आला होता. आणि बघते तर बायका परत येतायत, पाट्या डोक्यावर घेऊन. त्याच, रविवारच्या.

"आता कुठं चाललीस गो?" पुढची म्हणाली. ती आमच्याच गल्लीतली, माझ्याहून थोडी लहान. "पाणी वळलं."

"वळलं? छे. अजून वेळ आहे."

"वेळ? आज कुठली तिथी हाय?"

"प्रतिपदा."

सगळ्या जागच्या जागी थांबल्या. मग अशा हसल्या, की एकीच्या पाटीतून कालवं वाळूत सांडली. "सायकलीने डोकं फिरलं हिचं! अगो पुनव हाय आज. मागं बघ, मागं!"

मी मागे वळले. आमच्या पोफळींच्या वर चंद्र आला होता. समुद्राकडे सूर्य बुडत होता आणि वाडीवर हा, वाटोळा, जराही कुठे खाल्लेला नाही. सूर्य बुडताना समोरून उगवतो तो पौर्णिमेचाच. हे मला कुणी शिकवायला नको. मी नुसती बघत उभी राहिले. खडकाच्या वाटेवर खरंच पाणी चढायला लागलं होतं.

"म्हणजे एकादशी..." मी म्हटलं.

"शनवारी झाली की. आपली दुसरीच असते."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या वेळी कॅलेंडरात एकादशी दोन दिवस होती, शुक्रवारीही आणि शनिवारीही. आमच्या घरात नेहमी दुसरी धरतात. पण सायकलवालीने बजावून सांगितलं होतं, की स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोटभर भात खा, काकू, उपास करून आलात तर मी तुम्हाला पाण्यात उतरू देणार नाही. मग मी काय केलं, तर पहिलीच धरली. शुक्रवारी उपास उरकला आणि शनिवारी भात खाल्ला. देवालाही चालेल, सायकलवालीलाही चालेल. पण पुढे तिथी मोजताना जन्माची सवय. उपास झाला तो दिवस अकरा, तिथून पुढे. माझी अख्खी तिथी एक दिवस पुढे पळाली होती. रविवार तेरस नव्हती. रविवार बारस होती.

बाराला पाऊणने गुणायला मला वाळूत उभ्या उभ्या किती वेळ लागावा? नऊ. सहा मिळवले, तीन. पाणी तीनला वळलं. बायका तीनला परत फिरल्या. मी कमानीत तीनला होते.

तरी मी अशी, की मला एवढ्यानेही पुरेना. "रविवारी तुम्ही पाणी वळल्याबरोबर निघालात, की गप्पा मारत बसलात?"

"गप्पा? खडकावर? पाण्यात बुडायचं हाय काय आम्हाला?"

मी दुसरीला बाजूला घेऊन वेगळं विचारलं. ती म्हणाली, "काय गो, पोलिसात लागलीस काय?" मग तिसरीला विचारलं. तिसरी म्हणाली, पाणी तिच्या घोट्याला लागलं तेव्हा त्या निघाल्या, आणि वाळूवर आल्या तेव्हा मी कमानीकडे येत होते, "अशी, खेकड्यागत." तिने चालून दाखवलं. सगळ्या पुन्हा हसल्या. मीही हसले. माझ्या रिकाम्या पाटीत प्रत्येकीने ओंजळभर कालवं टाकली. मी नको म्हटलं, तर पहिली म्हणाली, "घे गो. ओझं कमी होतंय आमचं."

घरी आले. बाय दारातच उभी, हात कंबरेवर. "कोणी सांगितलं उठायला?"

"बाय, मी वेळेत आले."

"कुठून?"

"रविवारी. कमानीत. वेळेत आले मी. अर्धा तास बाकी होता."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला ताप चढलाय. "मग आम्ही काय वेगळं सांगत होतो?"

"मग ती काय सांगू नका म्हणत होती तुला? स्वयंपाकघरात? ऐकलंय मी."

बायने पाटी माझ्या हातातून काढून घेतली. एक कालव उचलून पाहिलं. मग म्हणाली, "ते तिलाच विचार."

मी तेव्हाच फोन लावला. अंगाला वाळू, पाय ओले, उंबऱ्यावर बसूनच. तिने लगेच उचलला.

"काय लपवलंस माझ्यापासून?" मी म्हटलं. नमस्कार-चमत्कार काही नाही.

तिच्या मागे कुठेतरी रिक्षांचे भोंगे वाजत होते.

"काकू," ती म्हणाली, "मी पूर्ण नाही केली."

"काय पूर्ण नाही केलीस?"

"स्पर्धा. धावताना गुडघा गेला. वाटेतल्या पुलाच्या पुढे बसले, मग आयोजकांच्या गाडीने मला परत आणलं. तुमचा आनंद होता ना त्या दिवशी. म्हणून म्हटलं, नंतर सांगू."

 ती पायात चपला घालून माझ्याआधी कमानीशी उभी होती, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. तिच्या गळ्यात काही नव्हतं. मी कमानीवर संशय घेतला, घड्याळावर घेतला, डिझेलवर घेतला, आणि ह्या पोरीचा मोकळा गळा मला दिसला नाही. तिचं ते जड चालणं पाप म्हणून बघितलं. रडत होती ते आनंदाने रडत होती असं धरून चालले. थोडं आनंदानेही असेल. मला आता ठरवता येत नाही.

"किती दिवस तयारी केली होतीस?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"तुमच्याइतकीच."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. बरा होईल म्हणतायत."

"कोण आहे घरी?"

"कोणी नाही. आई गावाला गेलीय."

"मग जिना?"

"उलटी उतरते," ती म्हणाली, आणि जरा हसली.

आतून बायने हाक मारली, की पाय धुतल्याशिवाय घरात यायचं नाही. मी हो म्हटलं आणि बसूनच राहिले. चांदण्याने वाडीत चांगलं उजाडल्यासारखं दिसत होतं. फोन दोघींपैकी कुणीच ठेवत नव्हतं.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"हो, जेवले."

मला ते खरं वाटलं नाही.

"काय जेवलीस, ते सांग," मी म्हटलं.